आधी गाडी भिंतीसमोर उभी करा : सोलापुरातील वाहन सजावट व्यावसायिकांस खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील ऑटो इलेक्ट्रिशियन, वाहन सजावटीचे दुकानदार आणि गॅरेजचालक यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत गाडीचे वायरिंग शिकवले आहे आणि उरलेल्यांच्या दुकानांवरून माझे रोजचे जाणे-येणे आहे, म्हणून हे पत्र मी परिवहन कार्यालयाला किंवा वाहतूक शाखेला न लिहिता तुम्हालाच लिहीत आहे. दंड करण्याचे यंत्र त्या कार्यालयांकडे असले, तरी हेडलाइटचा स्क्रू पिळणारा हात तुमचा आहे आणि मला जे सांगायचे आहे ते त्या स्क्रूविषयीच आहे.

हेडलाइटभोवती प्रकाशाची रिंग बसवणे, भुवईसारखी एलईडी पट्टी लावणे, डोळ्याच्या बाहुलीसारखा लाल-निळा ठिपका आत सोडणे, धावता इंडिकेटर जोडणे या कामांना माझा सरसकट विरोध नाही, हे आधीच नोंदवतो. गड्डा यात्रेत होम मैदानावरचे शोभेचे दारूकाम पाहायला मान उंचावून उभे राहणाऱ्या गावाला रोषणाईचे वेड असणारच. यंत्रमागावर रात्रपाळी करून हप्त्यावर पहिली मोटारसायकल घेतलेल्या पोराला ती चारचौघींपेक्षा वेगळी दिसावी असे वाटले, तर त्यात मला काहीही गैर दिसत नाही. बीएमडब्ल्यूने 2000 साली आपल्या मोटारींच्या हेडलाइटमध्ये प्रकाशाची वर्तुळे आणली, तीच पुढे ‘एंजल आय’ या नावाने जगभरच्या सजावटीच्या दुकानांत पोहोचली आणि आज आपल्याकडे रिक्षावरही दिसतात. पण मूळ मोटारीत ती वर्तुळे दिव्याच्या रचनेचाच भाग म्हणून आखलेली होती, झोताच्या वाटेत येणार नाहीत अशी. आपण मात्र दुसऱ्याने आखलेला दिवा फोडून त्यात आपली वर्तुळे बसवतो. फरक तिथून सुरू होतो.

मागच्या ऊस हंगामातील एका रात्री मी मंगळवेढा रस्त्याने स्कूटरवरून परत येत होतो. समोरून एक मोटार आली, पांढऱ्या-निळसर प्रकाशाची. मी दोनदा डिपर मारला, पण समोरचा प्रकाश तसाच डोळ्यांत राहिला, कारण तो चालक आधीपासून डिपरवरच, म्हणजे खाली वळवलेल्या झोतावरच, होता हे मला नंतर कळले. मोटार शेजारून गेल्यावर काही क्षण मला रस्ता दिसलाच नाही आणि दिसू लागला तेव्हा हाताच्या अंतरावर उसाने भरलेली ट्रॉली होती, तिच्या मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. स्कूटरचा आरसा उसाच्या वाढ्यांना घासून गेला, एवढ्यावर निभावले. पुढच्या ढाब्यावर चहाला थांबलो तर थोड्याच वेळात तीच मोटार मागे वळून तिथे आली. पोरांना जेवायचे होते. मी चालकाला विनंती करून बॉनेट उघडायला लावले. मूळचा हॅलोजनचा दिवा, त्यात एलईडी बल्ब आणि रिफ्लेक्टरच्या काठाला चिकटवलेली रिंग, जिचा एक भाग गोंद सुटून खाली लोंबत होता. त्याला मी विचारले, हे कशासाठी? तो म्हणाला, “काका, दुकानदारानं सांगितलं, उजेड लई पडतोय.” दुकान कोणते, हे मी विचारले नाही आणि कळले असते तरी येथे लिहिले नसते.

त्याला मिळालेले उत्तर खोटे नव्हते, अर्धे होते. उजेड जास्त पडत होता, पण कुठे पडत होता हे कोणी पाहिले नव्हते. आपल्याकडच्या कित्येक गाड्यांत असणाऱ्या एच-4 बल्बची रचना आठवा. त्याच्या काचेत दोन फिलामेंट असतात, एक अप्परची, म्हणजे लांबच्या झोताची, 60 वॉटची आणि दुसरी डिपरची 55 वॉटची. डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची एक इवलीशी वाटी असते. ती वाटी खाली जाणारा प्रकाश अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरच्या वरच्या अर्ध्या भागावरच प्रकाश पडतो आणि तेथून तो खाली, रस्त्याकडे वळतो. फिलामेंट एक-दोन मिलिमीटर पुढे-मागे झाली तरी झोताचा आकार बिघडतो, इतके ते गणित काटेकोर आहे. एलईडी बल्बमध्ये फिलामेंट नसते; पातळ पट्टीच्या दोन बाजूंना बसवलेल्या चिप असतात, त्यांचा आकार वेगळा, जाडी वेगळी, प्रकाश फेकण्याची दिशा वेगळी. हलक्या मालात तर वाटीची नक्कलही धड नसते आणि कॉलर सैल असल्याने बल्ब थोडा फिरूनच बसतो. मग जी कड भिंतीवर सुरीने कापल्यासारखी दिसायला हवी, जिला आपण कटऑफ म्हणतो, ती विरघळून जाते आणि डिपरवर असतानाही प्रकाश समोरच्याच्या कपाळावर चढतो. त्या रात्री मी मारलेल्या डिपरला उत्तर मिळाले नाही, ते यामुळे.

आता थोडे गणित, कारण तुमच्यापैकी कोणी ना कोणी म्हणेलच की सर उगाच बाऊ करतात. डिपरची कड साधारणपणे दर 10 मीटरला 10 सेंटिमीटर खाली उतरावी अशी जुळवणी असते. पुष्कळ गाड्यांच्या दिव्यावर किंवा जवळच्या पट्टीवर टक्केवारीचा तो आकडा छापलेलाही असतो. दिवा जमिनीपासून 65 सेंटिमीटर उंच असेल तर अशी कड 65 मीटरवर जमिनीला टेकते. आता दिवा फक्त एक अंशाने वर उचलला गेला असे धरा. एक अंश म्हणजे दर 10 मीटरला साडेसतरा सेंटिमीटर. म्हणजे जी कड 10 सेंटिमीटर उतरत होती ती आता साडेसात सेंटिमीटर चढू लागली आणि 100 मीटरवर ती जमिनीपासून 140 सेंटिमीटरवर पोहोचली, जिथे समोरून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराचे डोळे असतात. हा एक अंश हेडलाइट उघडून परत बसवताना, बंपरचा एक क्लिप न लागल्याने किंवा स्क्रू दोन-तीन फेरे जास्त फिरल्याने सहज येतो. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर पुढे जाते. दिपलेले डोळे सावरायला तीन सेकंद लागले तर माणसाने 50 मीटर रस्ता आंधळेपणाने कापलेला असतो, आणि मोतीबिंदू पिकत आलेल्या माझ्यासारख्याला तीन सेकंद पुरत नाहीत.

मी स्वतः सोवळा आहे असे समजू नका. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात, जेव्हा अनेक गाड्यांच्या दिव्यांच्या मध्यावर काळा ठिपका किंवा वरच्या भागावर काळा पट्टा रंगवलेला असे आणि आम्ही पोरे त्याची चेष्टा करत असू, तेव्हा एका मित्राच्या भाड्याच्या जीपला मी हौसेने 100/90 वॉटचे बल्ब बसवले होते. त्या जीपची रात्रीची भाडी अक्कलकोटची असत. दोन महिन्यांत होल्डर वितळून कपलरला चिकटला आणि एका बाजूचा दिवा वाटेत गेला. कारण साधे होते आणि ते मला वर्गात शिकवता येत होते, फक्त स्वतःच्या हौसेला लावता आले नव्हते. 60 वॉटचा बल्ब 12 व्होल्टवर 5 अँपिअर घेतो, 100 वॉटचा सव्वाआठच्या वर घेतो. वायर तीच राहिली तर तिच्यात निर्माण होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे पावणेतीन पट होते. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतही 42-43 अंशांचा पारा असतो, तिथे इंजिनशेजारच्या वायरवर त्याची काय अवस्था होत असेल ते सांगायला नको.

म्हणून तुमच्या कामाचे मी माझ्यापुरते दोन भाग करतो. दिव्याच्या बाहेर केलेली सजावट आणि दिव्याच्या पोटात केलेली सजावट. बाहेरची पट्टी, जाळीमागची रिंग, मडगार्डवरची लाइन यांत काही बिघडले तर सजावट बिघडते. पोटातले काम बिघडले तर दिवा बिघडतो. हेडलाइट उघडण्यासाठी हीट गनने किंवा भट्टीत काच आणि घर यांच्यामधला सीलंट मऊ केला जातो. घाईत जुना सीलंट खरवडून न काढता त्यावरच सिलिकॉन फासले, तर पहिल्याच पावसात आत धुके धरते. एलईडी बल्बच्या मागचा पंखा बाहेर येतो म्हणून मागची रबरी टोपी कापली जाते किंवा काढूनच टाकली जाते आणि आपल्या रस्त्यांवरची धूळ आत जाऊन रिफ्लेक्टरचा आरशासारखा मुलामा वर्षभरात मंद करते. रिफ्लेक्टरला बोटे लागली की ती पुसायची सोय नसते, कारण पुसताना मुलामाच निघतो. हे सगळे तुम्हाला माहीत आहे. गिऱ्हाइकाला मात्र माहीत नसते, आणि ते काम करण्याआधी सांगायची जबाबदारी तुमची आहे.

बाहेरून येणाऱ्या प्रोजेक्टर किटविषयी (भिंगातून झोत टाकणाऱ्या दिव्याच्या तयार संचाविषयी) एक गोष्ट मुद्दाम लिहितो, कारण ती मी सोलापुरातल्या दुकानांतही चुकताना पाहिली आहे. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवतो, म्हणून आपल्या दिव्याच्या डिपरची कड डावीकडे थोडी वर चढते. तेथे रस्त्याची कड, पाट्या आणि पायी चालणारे दिसावेत हा हेतू. चीनमध्ये आणि इतर अनेक देशांत वाहतूक उजवीकडून चालते, त्यांच्या दिव्यात हीच चढण उजवीकडे असते. असे किट आपल्या गाडीत बसले की दिव्याचा सर्वांत उंच भाग समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांसाठीच राखून ठेवल्यासारखा होतो. यावर स्क्रू फिरवून इलाज नाही. खोक्यावर काय लिहिले आहे यावर न जाता बल्ब पेटवून भिंतीवर कड पाहावी, चढण उजवीकडे दिसली तर माल परत करावा.

गिऱ्हाईक येते ते बहुधा ‘उजेड कमी पडतो’ म्हणून येते आणि रिंग, पट्टी घेऊन जाते. त्याच्या मूळ तक्रारीकडे आधी पाहिले तर कित्येकदा नवा बल्बही लागत नाही. पॉलिकार्बोनेटची काच उन्हाने पिवळी पडलेली असते. ती घासून पॉलिश केली की निम्मे काम होते. राहिलेले निम्मे वायरिंगमध्ये असते. हॅलोजन बल्बला मिळणारे व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले तर त्याचा प्रकाश जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो, आणि गंजलेला अर्थ (गाडीच्या पत्र्याला जोडलेली वायर), जळकट स्विच, बारीक वायर एवढ्यांनी मिळून दहा टक्के सहज खाल्ले जातात. जाड वायर, रिले (बॅटरीचा करंट थेट दिव्याला देणारा विद्युत स्विच), बॅटरीजवळ फ्यूज आणि घासून स्वच्छ केलेला अर्थ एवढ्यावर मूळचा 60/55 चा बल्बच असा पेटतो की गिऱ्हाईक विचारते, बल्ब कोणता टाकला? या कामात मालावरचा नफा नाही हे मला ठाऊक आहे. मजुरी मात्र घ्या, आणि ती मोकळेपणाने घ्या. कौशल्याचे पैसे मागायला आपण लाजतो आणि खोक्याचे पैसे बिनदिक्कत मागतो, ही आपल्या धंद्याची जुनी खोड आहे.

सजावटीच्या दिव्यांची जोडणी करतानाही हाच हात ठेवा. पार्किंगच्या वायरचे आवरण सुरीने सोलून, त्यावर दुसरी वायर पिळून, वरून काळी टेप गुंडाळली की उन्हाळ्यात टेपचा गोंद पाझरतो, टेप सरकते आणि उघडी तार पत्र्याला लागते. नव्या गाड्यांत दिव्यांचा करंट संगणक मोजत असतो, तेथे अशी पिळलेली वायर कधी दिवा फडफडवते, कधी बल्ब गेल्याची खूण मीटरवर आणते. कापलेल्या वायरमुळे वॉरंटीचा वाद उभा राहतो आणि गाडीला आग लागलीच तर विमा कंपनीचा माणूस पहिल्यांदा हेच जोड शोधतो. मोटारसायकलवर तर चार्जिंगची ताकदच मोजकी असते. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू होताच आपोआप पेटतो, त्यावर आपण आणखी पट्ट्या जोडत गेलो की बॅटरी उतरते आणि दोष बॅटरीवाल्याच्या माथी जातो.

कायद्याविषयी थोडक्यात लिहितो. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 106 झोताची मर्यादा आकड्यांत सांगतो : दिव्यापासून 8 मीटर अंतरावर, वाहनाच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत त्याला तो प्रकाश दिपवणारा नसावा. समोरच्या बाजूला लाल दिवा दाखवता येत नाही, म्हणजे ती लाल बाहुलीची हौस मुळातच बाद होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली वाहनात परवानगीवाचून बदल करता येत नाहीत आणि 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182 अ च्या चौथ्या पोटकलमाप्रमाणे असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. मालकाला, हा शब्द नीट वाचा. दुकानात बसवणारा वायरमन त्या पोटकलमात नाही, म्हणजे आपण दीड हजारांचे काम करतो आणि 5000 चे ओझे ज्याने आपल्यावर विश्वास ठेवला त्याच्या डोक्यावर ठेवून त्याला सात रस्त्याच्या चौकात पाठवतो.

ट्रॅक्टरवाल्यांची गोष्ट वेगळी लिहायला हवी, कारण साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात हंगामातली रात्र त्यांचीच असते. ट्रॅक्टरच्या टपावर एलईडीचा बार, बॉनेटवर रंगीत पट्ट्या, चाकांवर दिवे. आणि मागच्या दोन ट्रॉल्यांना टेल लॅम्पची वायरही नाही. पुढे दिवाळी आणि मागे अमावास्या. त्यात शेतात नांगरताना उपयोगी पडणारा मागच्या तोंडाचा पांढरा दिवा रस्त्यावरही चालूच राहतो आणि मागून येणाऱ्याला ट्रॅक्टर समोरून येतो आहे की पुढे चालला आहे हेच कळत नाही. ट्रॅक्टर तुमच्या दारात रोषणाईसाठी आला, तर आधी ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टरच्या पट्ट्या चिकटवा, टेल लॅम्पचा कपलर जोडा, नांगराच्या दिव्याला वेगळा स्विच द्या आणि मगच टपावर चढा. लाल रिफ्लेक्टरच्या पट्टीला किती पैसे लागतात हे तुम्ही मला सांगण्याची गरज नाही, मी सांगण्याचीही नाही.

कोजागरीच्या सुमारास सोलापुरातून तुळजापूरकडे रात्रभर माणसांची रांग लागलेली असते. त्यांत अनवाणी बायका असतात, खांद्यावर लेकरे घेतलेले बाप असतात, माझ्या घरची माणसेही असतात. त्यांच्याकडे डिपर मारायला काही नसते. समोरून झोत आला की ती डोळ्यांवर हात धरून उभी राहतात किंवा कडेच्या मुरमात उतरतात. गाडीतल्या माणसाला यातले काही कळत नाही, कारण झोताच्या मागे बसलेल्याला तो झोत कधीच लागत नाही.

आता विनंती. दुकानात एक भिंत मोकळी ठेवा. तिच्यासमोर 10 मीटर सपाट जागा मिळाली तर उत्तम, नाही तर 5 मीटरही चालेल. जमीन सपाट आहे की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका, गवंड्याच्या पाण्याच्या नळीने पाहा. चाकांत हवा बरोबर भरून, चालकाच्या जागी एक माणूस बसवून गाडी भिंतीकडे सरळ तोंड करून उभी करा. दिव्याच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर त्या उंचीला एक आडवी रेघ ओढा. 10 मीटरवर त्याखाली 10 सेंटिमीटर, 5 मीटरवर 5 सेंटिमीटर, दुसरी रेघ. गाडीच्या दिव्यावर वेगळा आकडा छापलेला असेल तर तो धरा. डिपर पेटवून एकेक दिवा कापडाने झाका आणि दुसऱ्याची कड खालच्या रेघेवर आणा, डावीकडची चढण डावीकडेच आहे ना ते पाहा. कड दिसतच नसेल, नुसता ढगासारखा प्रकाश भिंतभर पसरत असेल, तर तो बल्ब त्या दिव्याचा नाही. तो काढून गिऱ्हाइकाच्या हातात द्या. या सगळ्याला सवय झाल्यावर दहा मिनिटे लागतात.

तुम्ही म्हणाल, आम्ही नाही बसवले तर पोरगा शेजारच्या दुकानात जाईल. जाईलही. काही जण भिंतीवरचा फरक पाहून थांबतील, हेही मी पाहिले आहे, त्या ढाब्यावरच्या चालकाला मी तिथल्याच पांढऱ्या भिंतीवर त्याचा झोत आणि शेजारी उभ्या असलेल्या मूळ दिव्यांच्या जीपचा झोत दाखवला, तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही आणि मग त्याने विचारले, “जुना बल्ब परत बसतो का?” डिकीत खोक्यातच होता. ढाबेवाल्याच्या पान्या-स्क्रू ड्रायव्हरवर आम्ही तो बसवला.

येत्या महिन्यात दर रविवारी सकाळी मी मोकळा आहे. टेप, पाण्याची नळी आणि रंगाचा डबा घेऊन मी स्वतः येईन आणि ज्याला हवी असेल त्याच्या दुकानाच्या भिंतीवर रेघा ओढून देईन. त्याचे पैसे घेणार नाही. वर्गातल्या जुन्या पोरांनी फक्त आधी भिंतीसमोरची खोकी आणि टायर हलवून ठेवावेत, माझी पाठ आता ते उचलू देत नाही.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक
सोलापूर